पिकअप गेला म्हणजे टर्बो गेला? या चुका टाळा

माझ्या डिझेल गाडीचा पिकअप अचानक गेला आणि चढावर काळा धूर यायला लागला. गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, "टर्बो गेला, नवा टाका." (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा.) मी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने रेस द्यायला लावली तर फुस्स असा आवाज. टर्बोकडून इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाला) जाणाऱ्या रबरी होज पाईपला क्लिपच्या जवळ बोटभर चीर पडली होती, भोवती तेलकट काळी धूळ साचलेली. पाईप बदलला आणि गाडी पूर्वीसारखी ओढू लागली. म्हणून कळकळीने सांगतो, आधी पाईप आणि क्लिपा तपासा. मात्र सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर ऑइल जळतंय. मग टर्बोचे सील बघावेच लागतात.

टर्बो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरतो, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे, आणि त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केलं की ऑइल जागच्या जागी थांबतं आणि त्या उष्णतेत जळून त्याची काजळी होते. एक-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या. गावातून सावकाश घरी आला असाल तर एवढी गरज नाही. ऑइल मात्र मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच आणि वेळेवर बदला. इथे पैसे वाचवू नका.

दीड हजार आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) खाली, वरच्या गिअरमध्ये पाय दाबायचा आणि "गाडी उचलत नाही" म्हणायचं, हीही चूकच. तिथे टर्बो फिरवायला पुरेसा वायूच नसतो. गिअर खाली टाका.

सुपरचार्जरची तऱ्हा वेगळी. तोही इंजिनात जादा हवाच भरतो, पण इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या (क्रँकशाफ्टवरच्या) पट्ट्याने फिरतो, म्हणून पाय दाबताच जोर मिळतो, पण फिरायला इंजिनचीच ताकद खातो. त्याची शिट्टी हा दोष नाही. पट्टा किंचाळत असेल तर तो बघा. फोक्सवॅगनने 2005 मध्ये गोल्फच्या 1.4 लिटर इंजिनात दोन्ही बसवले: खालच्या आरपीएमला सुपरचार्जर, वर टर्बो. हे इंजिन त्यासाठीच घडवलेलं होतं. साध्या पेट्रोल इंजिनाला बाहेरून टर्बो किंवा सुपरचार्जरचं किट लावू नका. जास्त कॉम्प्रेशनमुळे (दाबामुळे) नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके बसणं, होऊन पिस्टन फुटू शकतो.

टर्बो खरंच बदलायची वेळ आली, तर त्याला ऑइल पुरवणारा बारीक पाईपही बदलून घ्या. तो काजळीने तुंबलेला राहिला तर नवा टर्बोही कोरडाच फिरेल.