बिग स्टारच्या निमित्ताने: ट्रिब्यूट अल्बमच्या कामात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

एखाद्या बँडला मानवंदना म्हणून त्याचं एकेक गाणं दहा-बारा बँडना वाटून द्यायचं आणि आलेल्या फायली एकापुढे एक लावायच्या, की झाला ट्रिब्यूट अल्बम, अशा समजुतीने या कामात शिरणारे दोन महिन्यांत वैतागतात. वाजवणं हा यातला सोपा भाग. वेळ खातात ती गाण्यांची वाटणी, परवानग्या आणि पाठपुरावा. समन्वयक म्हणून काम मिळालं तर रोज हेच करायचं असतं.

उदाहरणाला अमेरिकेतल्या मेम्फिसचा बिग स्टार हा रॉक बँड घेऊ. ॲलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स ही चौकडी अर्डेंट स्टुडिओत रेकॉर्डिंग करायची. बँडचं नाव उचललं ते किराणा दुकानांच्या एका साखळीवरून. १९७२ साली पहिला अल्बम आला, त्याचं नाव ‘नंबर वन रेकॉर्ड’. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण वितरणाचा असा बोजवारा उडाला की दुकानात रेकॉर्डच मिळेना. १९७४ च्या ‘रेडिओ सिटी’चंही तेच झालं. तिसरा अल्बम १९७४ मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि बाजारात यायला १९७८ उजाडलं. तोवर बँड संपला होता.

या बँडच्या ट्रिब्यूट अल्बमलाही तेच भोग आले. ‘बिग स्टार, स्मॉल वर्ल्ड’ १९९८ च्या सुमारास तयार होता, पण काढणारी कंपनी बंद पडली आणि तो दुसऱ्या कंपनीकडून २००६ मध्ये बाहेर आला. म्हणून सहभागी बँडशी करार करताना एक कलम न विसरता घाला: ठरलेल्या तारखेपासून अठरा महिन्यांत अल्बम आला नाही तर रेकॉर्डिंगचे हक्क बँडकडे परत. हे कलम नसेल तर गाणी अडकून पडतात आणि सगळ्यांचे फोन तुम्हाला येतात.

आता वाटणी. मोकळं सोडलं तर अर्धे बँड ‘सप्टेंबर गर्ल्स’ मागतात आणि उरलेले ‘थर्टीन’. प्रत्येकाकडून पसंतीक्रमाने तीन गाणी लेखी मागवा, आठवड्याची मुदत द्या आणि शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवा. ‘आधी मागेल त्याला’ हा नियम दिसायला न्याय्य, पण त्यात चांगलं गाणं सगळ्यात रिकामटेकड्या बँडला जातं. कोण कुठल्या सुरात आणि किती वेगात वाजवणार हे सुरुवातीलाच विचारून घ्या, नाहीतर एकाच पट्टीतली, एकाच चालीची तीन गाणी शेजारी येतात. दोन गाणी राखीव ठेवा, कारण एखादा बँड गळतोच. बँडना सांगायची तारीख खऱ्या तारखेच्या सहा आठवडे आधीची असू द्या.

‘थर्टीन’ मूळ रेकॉर्डिंगमध्ये अकूस्टिक गिटार आणि गळे एवढ्यावर उभं आहे, ड्रम्स नाहीत. हौशी बँड त्यात ड्रम्स आणि व्हायोलिनं भरतात आणि गाण्यातलं शाळकरी वयाचं अवघडलेपण पार बुजून जातं. विल्को या अमेरिकी बँडने ‘बिग स्टार, स्मॉल वर्ल्ड’वर हेच गाणं वाजवलंय, ते मूळ गाण्याशेजारी लावून ऐका. वेगळं काही करायचंच असेल तर तिसऱ्या अल्बमकडे वळवा. ‘होलोकॉस्ट’ आणि ‘कँगरू’ ही गाणी कितीही वाकवली तरी मोडत नाहीत. धिस मॉर्टल कॉइल या ब्रिटिश चमूने ही दोन्ही गाणी वाजवून १९८४ मध्येच ते दाखवून दिलं.

‘इन द स्ट्रीट’मध्ये एक सापळा आहे. बहुतेकांच्या कानात असते ती चीप ट्रिक या बँडची आवृत्ती, म्हणजे ‘दॅट सेव्हंटीज शो’ या अमेरिकी टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत. तिच्या शेवटी चीप ट्रिकच्या स्वतःच्या ‘सरेंडर’मधली ओळ जोडलेली आहे. ती ओळ वाजवली तर दुसऱ्या गाण्याची परवानगी लागते. बँडला नेहमी मूळ रेकॉर्डिंगच पाठवा.

परवानगीचं काम रेकॉर्डिंगनंतर काढलं तर वरातीमागून घोडं. आधी प्रत्येक गाण्याचे गीतकार-संगीतकार आणि प्रकाशक कोण ते शोधा. अमेरिकी गाण्यांसाठी साँगव्ह्यू आणि एमएलसी (मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह) या हक्कनोंदींच्या ऑनलाइन याद्यांमधला शोध सर्वांना खुला आहे. अमेरिकेत सीडी किंवा विनाइल काढायचं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ११५ खाली मेकॅनिकल लायसन्स, म्हणजे दुसऱ्याची रचना वाजवून प्रती काढायचा परवाना, घेता येतं. २०२५ मध्ये दर प्रतिगाणं प्रतिनग १२.७ सेंट होता. त्या दराने बारा गाणी, ५०० नग धरले तर ७६२ डॉलर. पाच मिनिटांपुढच्या गाण्याला मिनिटागणिक दर लागतो आणि अर्धवट मिनिटही पूर्ण धरतात, म्हणून ‘ओ माय सोल’सारखं लांब गाणं वेगळं मोजा. या लायसन्समध्ये आपल्या शैलीत वाजवायची मुभा आहे. मूळ चाल बदलायची किंवा शब्दांचं मराठी करायचं, तर प्रकाशकाची स्वतंत्र परवानगी हवी. व्हिडिओसाठीही वेगळी लागते.

पुण्या-मुंबईत बसून भारतात अल्बम काढणाऱ्यांना आपल्या कायद्याचं कलम ३१सी मोहात पाडतं: पहिल्या रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी गाण्याचं कव्हर, म्हणजे नव्याने रेकॉर्डिंग, करता येतं. पण त्यात दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, आणि वेष्टनावर आधीच्या कलाकाराचं नाव किंवा चित्र चालत नाही. ज्यांना मानवंदना द्यायची त्यांचंच नाव छापायचं नाही, मग कसला ट्रिब्यूट! तेव्हा प्रकाशकाकडून थेट करार करूनच परवानगी घ्या.

फायलींच्या बाबतीत सगळ्यांना एकच सूचनापत्र पाठवा: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल; सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबल; मास्टर चॅनलवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात तिथे, लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) नाही; गाण्याआधी-नंतर दोन सेकंद शांतता. तरी कुणीतरी ४४.१ किलोहर्ट्झची फाइल पाठवतंच. ती न बदलता रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या ४८ च्या सेशनमध्ये ओढली तर गाणं सुमारे नऊ टक्के वेगाने पळतं आणि जवळपास दीड सेमीटोन (अर्धस्वर) चढतं. गायक अचानक कोवळा वाटायला लागला की आधी हेच तपासा. बारा स्टुडिओंतली बारा मिक्स एकसारखी करायला मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) एकाच माणसाकडे द्या. आणि बँडने स्वतः लिमिटर लावून पाठवलेली फाइल परत करायला लाजू नका. चेपलेलं पुन्हा फुगवता येत नाही.

ऑनलाइन टाकताना प्रत्येक रेकॉर्डिंगला नवा आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, लागतो. मूळ गाण्याचा उचलू नका. कलाकाराच्या रकान्यात वाजवणाऱ्या बँडचं नाव, रचनाकाराच्या रकान्यात मूळ लेखकांची. गाण्याच्या नावापुढे ‘मूळ कलाकार बिग स्टार’ असं जोडलं तर म्युझिक स्टोअर अल्बम परत पाठवतात. वरकरणी क्षुल्लक, पण प्रदर्शनाची तारीख चुकते ती बहुधा इथेच.

विनाइल काढणार असाल तर एका बाजूला बावीस मिनिटांच्या आत राहा, त्यापुढे आवाज बारीक होतो. टेस्ट प्रेसिंग, म्हणजे तपासणीसाठीची नमुना प्रत, आलं की आधी प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं ऐका. मध्याजवळच्या खाचांत सुई एका फेऱ्यात कमी अंतर कापते, म्हणून तिथे झांजांचा आवाज फाटतो आणि ‘स’ सळसळतो. क्रम लावताना दणदणीत ‘डोन्ट लाय टू मी’ बाजूच्या सुरुवातीला घ्या आणि ‘थर्टीन’ शेवटी.