डोकं तापलेलं असताना निर्णय कसा रोखायचा: बीपीडी असलेल्यांसाठी आणि घरच्यांसाठी

मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, म्हणजे बीपीडी, भावना फार जोरात उसळतात आणि आवरत नाहीत असा मानसिक आजार, राहते नेरूळला, आणि हे लिहितेय ते सगळं उरकल्यावर "अरे देवा, हे काय करून बसलो" असं ज्यांना होतं त्यांच्यासाठी.

मागच्या पावसाळ्यात ठाण्याहून पनवेल लोकल पकडली, घणसोलीला फोन बघितला तर मित्राच्या चॅटवर निळ्या टिका, तीन तास झाले उत्तर नाही. त्यात सकाळी साहेबांनी चारचौघात झापलेलं, दुपारचा डबा तसाच राहिलेला, आदल्या रात्री झोप जेमतेम चार तास. जुईनगर यायच्या आत मी मित्राला ब्लॉक केलं आणि राजीनाम्याचा मेल पाठवून मोकळी झाले. नेरूळचा जिना चढताना पोटात गोळा आला. सोमवारी राजीनामा मंजूर. दुखलं होतं मित्रामुळे आणि गेली नोकरी, हे नीट बघा, कारण आमच्यात खूपदा असंच होतं, आग एकीकडे लागते आणि जळतं भलतंच.

डॉक्टर डीएसएम-5 चे, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकातले, बीपीडीचे 9 निकष बघतात, त्यातले किमान 5 लागतात, आणि घाईत स्वतःचं नुकसान करून घेणं हा त्यातला एक, म्हणजे उधळपट्टी, नशा, बेफाम गाडी, अचाट खाणं, असुरक्षित संबंध वगैरे. पण आम्ही चोवीस तास असे नसतो हो! शांत असताना मी भाजीवालीकडे पाच रुपयांसाठी विचार करते. भावना पेटली की मेंदूतला अमिग्डाला धोक्याची घंटा वाजवत सुटतो, बीपीडीत तर जास्तच, आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जो ब्रेक लावतो, तो ताणाखाली ढिला पडतो. त्रास होत असताना घाईने काहीतरी करून टाकायच्या या ओढीला निगेटिव्ह अर्जन्सी म्हणतात. त्या क्षणी तो निर्णय आपल्याला निर्णय वाटतच नाही, सुटका वाटते.

म्हणून ब्रेक शांत असतानाच बसवून ठेवायचा. मी आकडा वापरते, आत्ता भावना 10 पैकी किती? 7 च्या वर असेल तर पाठवा, पे, ब्लॉक यातलं कुठलंच बटण दाबायचं नाही. लिहायचं मात्र सगळं, शिव्यांसकट, पण नोट्समध्ये, मेलच्या खिडकीत नाही, आणि 24 तासांनी वाचायचं. यूपीआयची रोजची लिमिट कमी करून ठेवलीय, शॉपिंग ॲपमधून कार्ड काढून टाकलंय, दर वेळी सोळा आकडे टाकावे लागतात, तेवढ्यात कधीकधी लाट ओसरते. पोट रिकामं, झोप कमी, पाळीचे दिवस असं असेल तर सकाळीच स्वतःला बजावते की आज मोठं काही ठरवायचं नाही.

आकडा 9 असेल तर विचार करून काही होत नाही, आधी शरीर थंड करावं लागतं. स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि बर्फाचे खडे घ्यायचे, ओणवं होऊन श्वास रोखून चेहरा आत, डोळ्यांच्या खालचा भाग बुडला पाहिजे, 20 ते 30 सेकंद. हृदयाचे ठोके खरंच मंदावतात. हृदयाचा त्रास किंवा खाण्याचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लोकलमध्ये पातेलं कुठून आणणार, तिथे श्वास, 4 मोजत आत आणि 6 मोजत बाहेर, दोन स्टेशनं.

ही पाण्याची युक्ती डीबीटीतली, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीतली, ज्यात भावना सावरायची कौशल्यं शिकवतात. ही थेरपी बनवणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी 2011 मध्ये उघड सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या. मला हे वाचून रडू आलं होतं, आपल्यातल्याच कुणीतरी वाट काढलीय म्हणून.

घरच्यांनो, त्या वेळी "एवढ्याशा गोष्टीवरून काय" म्हणू नका आणि वादही घालू नका, आकडा अजून वर जातो. आई आता फक्त "किती?" विचारते. मी 8 म्हटलं की स्कूटीची किल्ली उचलून मिसळणाच्या डब्यामागे ठेवते, कारण रात्री पाम बीच रोडवर मी कशी गाडी हाणते ते तिने मागे बसून बघितलंय. मग चहा टाकते. बोलणं दुसऱ्या दिवशी.

निदान मात्र सायकियाट्रिस्टकडूनच करून घ्या, रील बघून नको. खर्च झेपत नसेल तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय सरकारी आहे, तिथे जा. आणि स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर आकडा मोजत बसू नका, कुणाला तरी शेजारी बसवून घ्या आणि टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावा, फुकट आहे, रात्री तीनला पण लागतो, मराठीत बोलता येतं.