जुना लाकडी स्नूकर क्यू घरच्या घरी कसा दुरुस्त करावा

जुना क्यू (स्नूकर खेळायची काठी) हाती आला की पहिला हात पॉलिश पेपरकडे जातो आणि तिथेच घोळ होतो. टोकाशी जेमतेम साडेनऊ-दहा मिलिमीटर जाडीचा शाफ्ट (क्यूचा पुढचा निमुळता भाग) दोन-तीन दशांश मिलिमीटरने बारीक झाला तरी फटक्याला जास्त लवतो, आणि गेलेले लाकूड परत येत नाही. त्यामुळे खालच्या कृतींत मळ, जुने पॉलिश आणि सैल झालेले भागच काढायचे आहेत. लाकडाला हात लावायचा तो नाइलाज झाला तरच.

स्नूकर जन्मला जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, १८७५ साली. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. त्या पिढीतले इंग्लिश क्यू अजूनही एखाद्या जिमखान्याच्या रॅकवर किंवा घराच्या माळ्यावर निघतात. बटावर (मागच्या जाड भागावर) बरोज अँड वॉट्स किंवा रायली या इंग्लिश क्यू-कंपन्यांचा बिल्ला असेल तर मूळ पॉलिश शक्यतो तसेच ठेवा. घासून नवाकोरा केलेला जुना क्यू जाणकाराच्या लेखी किमतीतून उतरतो.

आधी तपासणी

क्यू टेबलावर लोळवून पाहायची सवय सगळ्यांना असते, पण ती फसवते. जुन्या बटाला एका बाजूने सपाट छाट असते, त्यामुळे सरळ क्यूही उड्या मारतो. त्यापेक्षा बट डोळ्याशी धरून टोकाकडे नजर लावा आणि क्यू सावकाश फिरवा. एकसारखा हलका बाक चालतो. फेरूलपासून (टोकावरच्या पितळी कडीपासून) वीतभर अंतरावर अचानक आलेला कोपरा मात्र नको, तो खेळताना जाणवतो.

मग बट तळहातावर हलकेच आपटा. ‘टक्’ असा भरीव आवाज आला तर ठीक. खुळखुळ आली तर तीन जागा तपासा: सैल फेरूल, बटाच्या पोटातला शिशाचा तुकडा, किंवा उघडलेला सांधा. बटावरच्या काळ्या लाकडाची टोके अणकुचीदार असतील तर सांधा यंत्रावर कापलेला. कमानीसारखी गोलसर असतील तर हाताने रंधून बसवलेला. जुन्या हाताच्या कामात सरस वापरलेला असतो, आणि सरसाला पाणी आणि उष्णता दोन्ही चालत नाहीत. हे पुढे कामाला येईल.

आता मोजमाप लिहून ठेवा. लांबी (बहुतेक क्यू ५७ ते ५८ इंच), वजन (१७ ते १९ औंस, म्हणजे साधारण ४८० ते ५४० ग्रॅम) आणि फेरूलपासून दर १० सेंटीमीटरवर व्हर्नियरने घेतलेली जाडी. काम संपल्यावर याच जागा पुन्हा मोजायच्या. कुठेही ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका.

मळ आणि जुने पॉलिश

बिल्ल्यावर आधी मास्किंग टेप लावा, तीही दुहेरी. जुने पांढरट बिल्ले बहुधा सेल्युलॉइडचे असतात आणि ॲसिटोनचा एक थेंब त्यावरची अक्षरे पुसायला पुरतो. स्पिरिटनेही ते मऊ पडतात. बिल्ला सेल्युलॉइडचा आहे का, ते पाहायला अंगठ्याने जोरात चोळा, कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भुरकन पेटते.

हाताचा मेण्या मळ टर्पेंटाईनमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्याने निघतो. पाणी लागलेच तर घट्ट पिळलेले फडके, आणि लगेच कोरडे पुसायचे.

जुने पॉलिश कसले आहे ते स्पिरिटचा बोळा सांगतो. बटाच्या खालच्या टोकाशी अर्धा मिनिट धरा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपड्याचे (लाखेचे), म्हणजे स्पिरिट आणि चार शून्याची (०००० नंबरची, अगदी बारीक) स्टील वूल एवढ्यावर शाफ्ट मोकळा होईल. काहीच हालले नाही तर वरचा थर आधुनिक लॅकरचा. तो सुताराच्या पातळ स्क्रेपरने, रेषांच्या दिशेने, झुळझुळीत साल निघेल इतक्या हलक्या हाताने खरवडा. साल पांढरी निघते तोवर लॅकर निघतो आहे. पिवळसर लाकडी कीस दिसला की थांबा.

यानंतर ४०० आणि ६०० चा पेपर, तोही लांबीच्या दिशेनेच. क्यू ड्रिलमध्ये धरून गोल फिरवत घासला तर आडवे ओरखडे पडतात आणि तेल दिल्यावर ते एकूण एक उठून दिसतात.

पोचे

पोचा म्हणजे दबलेले तंतू, तुटलेले नव्हे. ओल्या सुती कापडाची घडी पोच्यावर ठेवून इस्त्रीचे टोक तीन-चार सेकंद टेकवा, दोन-तीनदा. वाफेने तंतू फुगून वर येतात. लाकूड उघडे हवे, पॉलिशवरून हे होत नाही. नख अडकेल अशी कापलेली खाच मात्र वाफेला दाद देत नाही, ती तशीच राहू द्या. फेरूल आणि बटाचे सांधे यांच्या जवळपास इस्त्री नेऊ नका (सरस आठवला असेल). एक दिवस वाळू द्या आणि मगच ६०० चा पेपर फिरवा. ओल्या फुगीवर पेपर मारला तर वाळल्यावर तिथेच खड्डा पडतो.

फेरूल बदलणे

पितळी फेरूलला लायटर लावणारे बरेच आहेत. ज्योत खालचे लाकूड जाळते. सोल्डरिंग आयर्न फेरूलच्या अंगाला टेकवा, गोंद ढिला पडला की फडक्यात धरून पिळून ओढा. आतून आटे असतील तर डावीकडे फिरवून सुटेल.

नव्या फेरूलची आतली खोली मोजून शाफ्टवर तेवढ्या अंतरावर टेप गुंडाळा आणि टेपच्या कडेने धारदार पातीने चहूकडे रेघ कापा. रेघेच्या पुढचे लाकूड कानशीने थोडे थोडे उतरवत न्या. फेरूलच्या आत पेन्सिलचे शिसे चोळून तो बसवून पाहा: लाकडावर जिथे काळे डाग उमटतील तेवढेच उतरवायचे. हाताच्या जोराने सरकेल पण आपोआप पडणार नाही, हे बरोबर माप. ठोकावे लागत असेल तर लाकूड पुढेमागे चिरेल. खूप सैल असेल तर गोंदाने भरून काढण्याचा मोह टाळा, महिनाभरात फेरूल वाजू लागतो.

चोवीस तासांत सुकणारा इपॉक्सी वापरा, पाच मिनिटांचा नको. फेरूल वरून उघडा असल्याने जादा गोंद वर निघून येतो. सुकल्यावर लाकडाचे टोक आणि पितळेची कड सपाट कानशीने एका पातळीत आणा. लाकूड जराही खाली राहिले तर टिप (टोकावरची चामड्याची टिकली) फक्त कडीवर टेकते आणि फटका बद्द लागतो.

पितळ शाफ्टपेक्षा जाड राहिले असेल तर पितळच घासायचे, लाकडाला टेप लावून. पितळेची काळी धूळ ॲशच्या (शाफ्टच्या फिकट लाकडाच्या) उघड्या छिद्रांत शिरली की फेरूलखाली दोन बोटे लांबीचा राखाडी पट्टा कायमचा राहतो. असे क्यू बरेच दिसतात.

बटावर शिसवाची कमान

स्वतःची खूण म्हणून बटावर जादा लाकूड बसवायचे असेल तर ते पॉलिशच्या आधी. नवशिक्याने मौल्यवान क्यूवर हे करू नये. बाजारातल्या स्वस्त क्यूवर एकदा हात बसवून घ्या.

बट इंग्रजी व्ही आकाराच्या लाकडी खाचेत पक्के धरा. ॲशच्या रेषांनी शाफ्टवर जे बाण तयार होतात, त्यांच्या सरळ रेषेत बटावर मधली रेघ मारा. खेळाडू हे बाण वर ठेवून नेम धरतो, म्हणून कमान तिथेच शोभते. बटाच्या टोकापासून १८ सेंटीमीटर लांबीत रंध्याने उतार काढा: पुढे शून्य, मागे टोकाशी ४ मिलिमीटर खोल. बट २९ मिलिमीटर व्यासाचा असेल तर मागे सपाटी बरोबर २० मिलिमीटर रुंद होते. तेवढी झाली म्हणजे खोली बरोबर, निराळे मोजायला नको. निमुळत्या गोल दांड्याला सपाट छेद दिला की पुढची कड आपोआप कमान होते. कमान एका बाजूला कलली असेल तर रंधा तिरका चालला, दुसरे कारण नसते. पोलादी पट्टी सपाटीवर उभी धरून उजेडाकडे पाहा, खालून प्रकाश दिसता कामा नये.

७ मिलिमीटर जाड, २५ रुंद अशी शिसवाची पट्टी घ्या, मधे लाल किंवा हिरवा व्हेनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) घातला तर बारीक रंगीत रेघ उठून दिसते. शिसव तेलकट असते, म्हणून चिकटवण्याच्या जरा आधी ॲसिटोनने पुसा, नाहीतर गोंद धरत नाही. इपॉक्सी लावताच पट्टी साबणासारखी सरकते. मागच्या टोकाला, नंतर कापून जाणाऱ्या भागात, एक खिळा आधी ठोकून घ्या. मग जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा. शिकंज्यापेक्षा ट्यूब बरी, गोल अंगावर दाब सारखा बसतो.

दुसऱ्या दिवशी रंधा मागून पुढे, म्हणजे जाडीकडून कमानीकडे चालवा आणि शेवटचे अर्धा मिलिमीटर ठोकळ्यावर लावलेल्या पेपरने उतरवा. तोंडाला मास्क हवाच, शिसव आणि आबनूस यांच्या धुळीने अनेकांना ॲलर्जी होते.

रेषा भरणे आणि तेल

ॲशच्या रेषा काळ्या करायच्या तर आधी चपड्याचा एक पातळ हात द्या, नाहीतर काळा रंग सगळ्या लाकडात पसरून शाफ्ट मळकट दिसतो. मग काजळीची पूड थोड्या जवसाच्या तेलात कालवून आडवी चोळा आणि कोरड्या फडक्याने आडवीच पुसा. छिद्रांत राहील तेवढीच राहू द्या. दोन दिवसांनी ६०० चा पेपर लांबीने. क्यू मेपल लाकडाचा असेल तर हे करू नका, त्याला उघडी छिद्रे नाहीत, डाग तेवढे पडतील.

शाफ्टला डबल बॉइल्ड जवसाचे तेल: पातळ हात, वीस मिनिटांनी सगळे पुसून काढायचे, दुसरा हात चोवीस तासांनी. चार हात पुरेत. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत मधले अंतर दुप्पट धरा. न पुसलेले तेल चिकट राहते आणि क्यू बोटांवरून सरकत नाही. बटाला चपड्याचे पॉलिश चांगले, मात्र बोळा कमानीकडून मागे न्या. स्पिरिटने शिसवाचा रंग सुटतो आणि पुढच्या पांढऱ्या ॲशवर ओघळतो.

तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

टिप शेवटी

साडेनऊच्या फेरूलला दहाची टिप घ्या. काचेवर १२० चा पेपर ठेवून टिपचा तळ सपाट करा. फेरूलला हात लागलेला असेल तर पुन्हा पुसा, टिपा सुटतात त्या बहुतेक या तेलकटपणामुळे. जेल सुपरग्लूचा मसुराएवढा थेंब पुरे, पातळ सुपरग्लू चामड्यात झिरपून तळ दगड करतो. मिनिटभर दाबा, तासभर ठेवा. मग क्यू उलटा करून टिप लाकडी फळीवर टेकवा आणि बाहेर आलेले चामडे नव्या ब्लेडने खाली कापत न्या. कड थुंकीने ओली करून चामड्याच्या तुकड्याने चकाकेपर्यंत घासा, म्हणजे टिप छत्रीसारखी पसरत नाही. घुमट करून झाल्यावर ३ ते ४ मिलिमीटर उंची राहावी.

पहिल्या आठ-दहा फ्रेममध्ये (डावांत) टिप दबते आणि कड पितळेच्या बाहेर येते. ती तेवढी पुन्हा कापा. घुमटाला हात लावू नका.