‘फ्लॅश इन द पॅन’ मराठीत आणायचं कसं?

या इंग्रजी वाक्प्रचारातला ‘पॅन’ स्वयंपाकघरातला नाही, बंदुकीतला आहे. अनुवादाला बसण्याआधी ती बंदूक डोळ्यांसमोर आणा.

चकमकीच्या (म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या) बंदुकीत दारू दोन ठिकाणी असते. नळीत दारू आणि गोळी गजाने ठासलेली, तो मुख्य बार. नळीच्या बुडाशी बाहेरून एक छोटा प्याला, त्यात चिमूटभर बारीक दारू. जुन्या मराठीत हिला रंजक म्हणत (मनोरंजनातल्या ‘रंजक’शी गल्लत नको). प्याल्यातून नळीत जाणारं बारीक छिद्र म्हणजे कान. चाप ओढला की घोड्यातली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटते, ठिणगी रंजकेवर पडते आणि आग कानातून आत शिरून बार उडतो. पण कान काजळीने बुजला असेल किंवा आतली दारू दमट असेल, तर रंजक तेवढी भक्कन पेटते, धूर होतो आणि गोळी जागच्या जागी राहते. म्हणून शिपाई कान मोकळा करायला तारेची सुई जवळ ठेवत.

काही जण हा प्रयोग सोनं धुणाऱ्यांच्या परातीला चिकटवतात. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं १८४८ मध्ये. पण इंग्रजी लिखाणात हा प्रयोग त्याच्या कितीतरी आधी, १६८७ मध्येच मिळतो.

आता लाक्षणिक अर्थ. आधी खराखुरा लखलखाट हवा, त्यातून मोठी आशा लागलेली हवी आणि पुढे काहीच घडलेलं नसावं. सुरुवातीपासूनच पडलेल्या गोष्टीला हा शब्द लावू नका.

मराठी प्रतिशब्द निवडताना इथेच चुका होतात. ‘आरंभशूर’ माणूस स्वतःच काम सोडून देतो. इथे माणूस झटतही असेल, फक्त पुन्हा जमत नाही. ‘नव्याचे नऊ दिवस’ मध्ये ओसरते ती लोकांची हौस. ‘फुसका बार’ बंदुकीच्या सर्वांत जवळचा, पण त्यात सुरुवातीची चमक येत नाही. ती वाक्यात वेगळी घालावी लागते. पहिल्या सामन्यात शतक ठोकून नंतर कधीच न चमकलेल्या खेळाडूबद्दल सरळ लिहावं: ‘एका डावापुरता चमकला.’

नकारात हाच प्रयोग कौतुकाचा होतो. ‘शी इज नो फ्लॅश इन द पॅन’ म्हणजे ‘तिचं यश एकदाच लागलेला मटका नाही.’ आणि बंदुकीवरूनच आलेला ‘हँग फायर’ हा प्रयोग याच्याशी मिसळू नका: तिथे बार उडतो, फक्त उशिरा.