एनएमसी ८११ ची स्लरी थिजत असेल तर

एनएमसी ८११ (लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडची निकेल-मँगनीज-कोबाल्टयुक्त पावडर), कार्बन ब्लॅक आणि पीव्हीडीएफ हा कण बांधून ठेवणारा पॉलिमर (९०:५:५) यांची एनएमपी या द्रावकामधली स्लरी, म्हणजे दाट मिश्रण, तासाभरात खरवसासारखी थिजायची. एनएमपी वाढवून, जोरात ढवळूनही फरक नाही. तीन बॅचेस फेकताना जीव हळहळला.

कारण ओलावा. दमट हवेत पावडरीवर लिथियम हायड्रॉक्साइड तयार होतं. हा अल्कली पीव्हीडीएफमधून हायड्रोजन फ्लोराइड काढतो आणि पॉलिमरच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. म्हणून थिजलेली स्लरी वाचवत बसू नका.

जमलं ते असं: पावडर निर्वात ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसवर १२ तास, थंडही निर्वातातच. एनएमपी निर्जल, नव्या सीलबंद बाटलीतलं. आधी पीव्हीडीएफ पूर्ण विरघळवलं, मग कार्बन. एनएमसी सर्वांत शेवटी. झाकण लावून ३० मिनिटं ढवळलं आणि लगेच अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर कोटिंग.