पहिल्या वर्षानंतर मेजर बदलताना

मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलायची खरी वेळ एकच: दुसरे सेमिस्टर संपून तिसरे सुरू होण्याआधीचे दिवस. ‘हे वर्ष कसेबसे काढ, मग बघू’ हा घरोघरी मिळणारा सल्ला नेमका घात करतो, कारण ‘मग’ येईपर्यंत ही वेळ टळलेली असते. नव्या शैक्षणिक धोरणाखालचा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) आराखडा पहिल्या वर्षाच्या शेवटी मेजर बदलू देतो, तोही त्याच व्यापक विद्याशाखेत. बारावी कॉमर्स करून फिजिक्सकडे जायचे असेल तर त्याला बदल म्हणत नाहीत, तो नवा प्रवेश. त्यात वेळ घालवू नका.

सुरुवात शेवटाकडून करा. ज्या कामासाठी बदल करताय, त्याच्या पात्रतेची अट शब्दशः वाचा. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात एमएस्सी करायची असेल तर त्या विषयाची प्रवेशपुस्तिका, नोकरी हवी असेल तर गेल्या दोनतीन वर्षांच्या भरतीच्या जाहिराती. जाहिरातीत ‘कोणत्याही शाखेची पदवी’ लिहिले असेल तर मेजर बदलून काहीही हाती लागत नाही. आहे तीच पदवी चांगल्या गुणांनी पुरी करा. उलट वेर्ण्याच्या औषध कारखान्यात प्रयोगशाळेचे काम हवे असेल तर केमिस्ट्री सोडण्यापूर्वी दहादा विचार करा.

नव्या विषयाचा पाचव्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम उघडा आणि वाचा. पहिल्या वर्षाचा नको, तो सगळ्यांनाच आवडतो.

आता क्रेडिटचा, म्हणजे शिकण्याच्या तासांवरून ठरणाऱ्या मापाचा, हिशेब. बहुतेकांचा बदल इथेच फसतो. तीन वर्षांच्या पदवीला 120 क्रेडिट लागतात आणि त्यातले निदान 60 मेजरचे असावे लागतात. समजा, तुमचे मेजर केमिस्ट्री आणि मायनर, म्हणजे दुय्यम विषय, बॉटनी, आणि दोन्हींचे दर सेमिस्टरला चार क्रेडिटचे एकेक पेपर झाले. म्हणजे दोन्हीकडे आठ-आठ क्रेडिट जमा. आता बॉटनी मेजर आणि केमिस्ट्री मायनर केले तर बुडत काहीच नाही, नुसती अदलाबदल होते. म्हणूनच पहिल्या वर्षी मायनर ‘सोपे’ म्हणून किंवा मैत्रिणीने घेतले म्हणून घेऊ नये. मायनर हीच तुमची दुसरी वाट.

पण जे मायनरही नव्हते ते झूलॉजी मेजर हवे असेल तर त्याचे आठ क्रेडिट भरून काढावे लागतात, आणि केमिस्ट्रीचे आठ मेजरमध्ये धरले जात नाहीत. आठ हा आकडा फसवा आहे. थिअरीचा एक क्रेडिट 15 तासांचा, प्रात्यक्षिकाचा 30 तासांचा. तीन थिअरी आणि एक प्रात्यक्षिक असा पेपर असेल तर 75 तास, दोन पेपरांचे 150. हे तुमच्या नेहमीच्या 20 क्रेडिटच्या सेमिस्टरांवर चढतात.

तासांपेक्षा मोठी अडचण वेळापत्रकाची. पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिके आणि तिसऱ्या सेमिस्टरचे तास एकाच दुपारी आले की कितीही मेहनतीची तयारी असली तरी एका वेळी दोन ठिकाणी बसता येत नाही. हजेरी कमी पडते, बॅकलॉग राहतो. म्हणून आधी विभागप्रमुखांना भेटा, ऑफिसला नंतर. ऑफिसातून अर्जाचा कागद मिळतो. कोणत्या वारी कोणती बॅच, प्रयोगशाळेत जागा आहे का, हे विभागप्रमुखच सांगू शकतात. राहिलेला प्रत्येक पेपर कोणत्या सेमिस्टरला, कोणत्या तासाला करणार याचा तक्ता कागदावर मांडा आणि त्यावर त्यांची सही घ्या. ‘होईल काहीतरी’ एवढ्या तोंडी आश्वासनावर अर्ज करू नका.

कॉलेजही बदलत असाल तर झालेल्या पेपरांचा छापील अभ्यासक्रम सोबत न्या. मडगावच्या चौगुले कॉलेजसारख्या स्वायत्त संस्थांचे पेपर स्वतःचे असतात. नाव सारखे असले तरी आतला मजकूर जुळेलच असे नाही, आणि समकक्षता मजकुरावरून ठरते. साखळीहून पणजीला रोज कदंब बसने ये-जा करणार असाल तर सकाळचे पहिले प्रात्यक्षिक किती वाजता आहे, हेही त्या तक्त्यात धरा.

अर्ज, गुणपत्रिका, प्राचार्यांची मंजुरी, फीमधला फरक: हे एका सकाळचे काम. शिष्यवृत्ती असेल तर अभ्यासक्रम बदलल्याची नोंद तिथेही करा. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन, खात्यात दोन्ही सेमिस्टरचे क्रेडिट दिसतात का तेही डिजिलॉकरमधून पाहा. आधारवरचे आणि दाखल्यावरचे नाव जुळत नसेल तर ते अडकतात. आपल्याकडे आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग कागदागणिक बदलते, त्यामुळे हे आधीच दुरुस्त करून घ्या.

तक्ता जुळलाच नाही तर जबरदस्तीने बदल करू नका. मेजर आहे ते ठेवा आणि हवा तो विषय मायनर म्हणून घेता येतो का ते विचारा. तीन वर्षांत मायनरचे 24 क्रेडिट होतात. तेवढ्यावर पुढचा प्रवेश मिळतो की नाही, हे सुरुवातीला वाचलेल्या त्याच प्रवेशपुस्तिकेत पाहा आणि तिसऱ्या सेमिस्टरची फी भरण्यापूर्वी ठरवा.