नवतप्यात ग्राफिक्स कार्डाचा वेग कसा उतरवावा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापलेले दिवस, लागला की ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या खोलीत दुपारी कूलर लावूनही ३८-४० अंशांच्या खाली येत नाही. ग्राफिक्स कार्डाचा पंखा याच हवेवर चालतो, त्यामुळे कार्ड खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही. ते खोलीपेक्षा किती अंश वर जाईल, एवढंच आपल्या हातात आहे.

समजा १७० वॅट खाणारं एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० कार्ड हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत ७० वर थांबतं. म्हणजे फरक ४५ अंशांचा. तोच फरक ४० अंशांच्या खोलीत धरला तर कार्ड ८५ वर जाईल. एनव्हिडियाची बहुतेक डेस्कटॉप कार्डं ८३ च्या आसपास स्वतःच वेग कमी करायला लागतात. मग गेम अडखळतो आणि पंखा चक्कीसारखा ओरडतो. वॅट एक तृतीयांशाने उतरवले, तर पंखा तेवढाच फिरत असताना फरक साधारण ३० अंशांवर येतो.

पण आधी कॅबिनेट उघडा. जिनिंगच्या आसपास घर असेल तर कार्डाच्या पंख्यामागे रुईच्या तंतूंची गादीच बसलेली सापडते, आणि तिच्यावर कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. लाईन बंद करा, पंख्याची पाती बोटाने धरा, मग ब्लोअर मारा. पाती न धरता मारला तर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. कॅबिनेट कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. ताटीतून उडणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या तुषारांनी धूळ चिखलासारखी चिकटते आणि वाळल्यावर क्षार उरतात. कूलरची हवा खोलीत फिरू द्या आणि कॅबिनेट बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा.

आता सॉफ्टवेअर. कार्डाचा वेग आणि वीज बदलू देणारं एमएसआय आफ्टरबर्नर फुकट आहे आणि कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. फक्त एमएसआयच्याच संकेतस्थळावरून उतरवा. सोबत युनिजिन हेवन ही चाचणी घ्या. काहीही बदलण्याआधी हेवन २० मिनिटं चालवा आणि तापमान, वॅट, कोअर क्लॉक (कार्डाच्या चिपचा वेग, मेगाहर्ट्झमध्ये), फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) असे चार आकडे वहीत लिहून ठेवा. हे आकडे नसतील तर पुढे काय सुधारलं, काय बिघडलं, ते कळणारच नाही.

पहिली पट्टी पॉवर लिमिटची, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती टक्के वीज खायची त्याची. १०० वरून ८५ करा, बरोबरच्या खुणेचं बटण दाबा, हेवन पुन्हा चालवा. मग ७५, मग ७०. इथे अस्थिर होण्याची भीती जवळपास नाही, कारण कार्ड कंपनीनेच ठरवलेल्या वेग-व्होल्टेजच्या जोड्यांवर खाली सरकतं. ३०६० ला ७० टक्के म्हणजे सुमारे १२० वॅट. फ्रेम्स मात्र ३० टक्क्यांनी पडत नाहीत, त्याहून बऱ्याच कमी पडतात. वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत लागते, त्यामुळे शेवटचे शंभरेक मेगाहर्ट्झच सगळ्यात महाग पडतात. बहुतेकांचं काम इथेच भागतं. काही कार्डांत ही पट्टी करडी, म्हणजे बंद असते. त्यांनी थेट कर्व्हकडे, म्हणजे खाली सांगितलेल्या वेग-व्होल्टेजच्या आलेखाकडे जावं.

कोअर क्लॉकची पट्टी नुसती उणे १५० करून ठेवणारे बरेच आहेत. त्याने वेग जातो; व्होल्टेज मात्र बरंचसं तेवढंच राहतं आणि उष्णता थोडीच कमी होते. घाट्याचा सौदा. मेमरी क्लॉकला हात लावू नका. वाचतात थोडे वॅट आणि गेम मात्र जड होतो.

खरी बचत कर्व्हमध्ये आहे. कोअर क्लॉक उणे ३०० करून लागू करा. कंट्रोल आणि एफ दाबा, आलेख उघडेल. आडव्या रेषेवर मिलिव्होल्ट, उभ्या रेषेवर मेगाहर्ट्झ. ८७५ मिलिव्होल्टचा ठिपका धरून १७०० वर न्या आणि मुख्य खिडकीतली खूण दाबा. उजवीकडची रेष सपाट व्हायला हवी. एखादा ठिपका वर डोकावत असेल तर उणे ४०० ने सुरुवात करून पुन्हा करा. १७०० हा आकडा ३०६० साठी आहे. दुसऱ्या कार्डाला, वहीत लिहिलेल्या क्लॉकपेक्षा १५०-२०० कमी धरा.

चाचणीसाठी फरमार्क या कार्डावर भार टाकणाऱ्या प्रोग्रॅमवर विसंबू नका. तो इतका भार टाकतो की पॉवर लिमिटमुळे वेग आधीच खाली येतो, आणि तुम्ही बसवलेला वरचा ठिपका तपासलाच जात नाही. तासभर फरमार्क पास झालेलं कार्ड हलक्या गेममध्ये काळा पडदा दाखवतं ते यामुळेच. हेवन अर्धा तास चालवा, मग दोन-तीन दिवस रोजचं काम करा. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद दिसली, तर त्या ठिपक्याला व्होल्टेज कमी पडतंय. वेग २५-३० मेगाहर्ट्झ उतरवा किंवा ८८७ च्या आसपासचा ठिपका घ्या. हे दोन-तीन दिवस निघेपर्यंत विंडोजसोबत सेटिंग लागू होण्याचं बटण दाबू नका. दाबलंच आणि अडकलात, तर सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढून टाका.

एएमडी कंपनीचं कार्ड असणाऱ्यांनी तिच्याच अ‍ॅड्रेनालिन या सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स, ट्यूनिंग, कस्टम या वाटेने जावं. आरएक्स ६६०० मध्ये पॉवर लिमिट थोडंच उतरतं, म्हणून कमाल वेग २२०० करा आणि व्होल्टेज ११५० वरून ५०-५० ने १०५० पर्यंत आणा.

खिशाचं गणित: ५० वॅट वाचले आणि मशीन रोज ६ तास भाराखाली चालली, तर महिन्याला ९ युनिट. पण लग्नसराईत शूटिंगचे व्हिडिओ रेंडर करणाऱ्यांना यूपीएसचा फायदा मोठा वाटेल. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर बहुधा ३६० वॅटच लिहिलेले असतात. १७० वॅटचं कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर आणि पॉवर सप्लायची गळती धरली की आपण त्या काठावरच असतो, आणि लाईन जाताच यूपीएस चिं-चिं करून बसतो. कार्ड १२० वर आणलं की फाइल सेव्ह करून मशीन बंद करायला वेळ मिळतो.

एएमडीत आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागात हमखास होते. यूपीएस नसताना लाईन गेली आणि मशीन धाडकन बंद पडली, की अ‍ॅड्रेनालिनला वाटतं तुमच्याच सेटिंगने घोटाळा केला, आणि ते सगळं मूळ स्थितीला नेतं. सूचना येते, पण घाईत आपण ती बंद करतो. म्हणून ट्यूनिंगच्या पानावरून प्रोफाइल फाइलमध्ये साठवून ठेवा आणि लाईन गेल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू केली की ती पुन्हा लोड करा.